स्वयंपाकघरातील चिमणीवर वर्षानुवर्षे साचलेला तेलाचा थर कसा काढावा?

प्रश्न : सांबारवडी (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही त्रिमूर्तीनगरातील एका जुन्या सदनिकेत राहायला आलो. आधीच्या मालकांनी ओट्यावरची चिमणी तशीच ठेवली आहे. ती सहा-सात वर्षांची असावी आणि तिच्या आतल्या बाजूला या काळात कोणी हात लावला असेल, असे दिसत नाही. बटण दाबले की आवाज मोठा येतो, पण कढईवरची वाफ जेमतेम निम्मी वर जाते आणि उरलेली तोंडावर येते. परवा सांबारवडी (कोथिंबिरीचे सारण भरलेली वडी) तळत असताना वरून एक तपकिरी थेंब कढईच्या कडेपासून चार बोटांवर पडला. बोटाने उचलून पाहिला, तर तो काकवीसारखा दाट आणि जुन्या तेलाच्या पिप्यासारखा खवट वासाचा होता. हाच थेंब कढईत पडला असता, या विचाराने मी गॅस बंद केला आणि त्या दिवसापासून घरात तळण केलेले नाही.

आतापर्यंत केलेले उपाय असे. लिंबू आणि खायचा सोडा लावून घासले, तेव्हा वरवरची धूळ निघाली आणि चिकटपणा तसाच राहिला. हिरव्या घासणीने जोर लावला, तर दर्शनी पत्र्यावर चरे पडले, ते आता रोज डोळ्यांसमोर येतात. शेवटी ओळखीतून एका कारागिराला बोलावले. त्याने कसलासा उग्र फवारा मारला, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि दोन दिवसांनी आतल्या पत्र्यावरचा रंग पापुद्र्यांसारखा सुटू लागला. त्याला पुन्हा बोलवायची माझी तयारी नाही.

चिमणीला तिरक्या पट्ट्यांचे दोन स्टीलचे फिल्टर आहेत, त्यांच्या मागे गोल पंखा दिसतो आणि खाली तेल साचण्यासाठी एक छोटी वाटी आहे. ती वाटी काठोकाठ भरून घट्ट झालेली होती. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा थर नेमका कशाने निघतो? आतला पंखा आपण स्वतः उघडावा का? आणि ओट्यावरच्या कपाटांच्या माथ्यावर धूळ व तेल मिळून जो चिकट लेप बसला आहे, त्याचे काय करावे? आमच्याकडे वापरायला बोअरचे पाणी आहे आणि त्यात साबणाला फेस येत नाही, हेही सांगून ठेवते.

उत्तर १ : वाड्यातली काकू (महाल)

ताई, घाबरू नका, स्टीलचे फिल्टर आहेत म्हणजे अर्धे काम सोपे आहे. मी गेली बारा वर्षे माझी चिमणी घरीच धुते, म्हणून जे करते तेच सांगते.

तुमची चूक एवढीच झाली, की तुम्ही खायचा सोडा वापरला आणि हाताच्या जोरावर भरवसा ठेवला. या कामाला धुण्याचा सोडा लागतो. तो किराणा दुकानात सुटा मिळतो. फिल्टर काढले की आधी पाण्याला लावू नका. रद्दी वर्तमानपत्र पसरून त्यावर ते उभे धरा आणि लाकडी उलथण्याच्या कडेने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने जेवढा थर खरवडून निघेल तेवढा काढून तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. हे तेल मोरीत गेले, की खालच्या पाइपात जाऊन पुन्हा घट्ट होते आणि दिवाळीच्या तोंडावर मोरी तुंबते. आमच्याकडे एकदा तसे झाले आहे.

मग मोठा प्लास्टिकचा टब घ्या. पंधरा लिटर कडक पाण्यात एक मोठी वाटी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, धुण्याचा सोडा विरघळवा आणि त्यात भांडी घासण्याचे द्रव साबण दोन चमचे टाका. हातात रबरी मोजे हवेतच, कारण या पाण्याने कातडी आधी बुळबुळीत होते आणि मग फाटते. फिल्टर पूर्ण बुडाले पाहिजेत. सध्या मे महिना आहे, त्याचा फायदा घ्या. टब दुपारी बारा वाजता गच्चीवर नेऊन ठेवा. आपल्याकडच्या उन्हात ते पाणी चार वाजेपर्यंत गार होत नाही, आणि हिवाळ्यात मला तीनदा पाणी तापवावे लागते ते काम वाचते. तासाभराने पाहाल तर पाण्यावर तपकिरी साय धरलेली असेल आणि पट्ट्यांच्या कडांवरून थर कातडीसारखा सुटू लागलेला असेल. तो आपणहून सुटेपर्यंत हात लावू नका. मग दात घासायच्या जुन्या ब्रशने पट्ट्यांच्या खाचा साफ करा, साध्या पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण कोरडे करूनच परत लावा.

मी सोड्यात अर्धी वाटी व्हिनेगरही टाकते, त्याने फेस येऊन थर लवकर सुटतो असे मला वाटते. मात्र एक गोष्ट मला कळलेली नाही. माझ्या मुलीच्या चिमणीला बारीक जाळीचे हलके फिल्टर आहेत. ते याच पाण्यात रात्रभर ठेवले, तर सकाळी काळेमिचकूट झाले. आम्हाला वाटले जळका थर राहिला असेल, म्हणून आणखी घासले, पण काळे काही गेले नाही आणि हात मात्र काळे झाले. जाणकारांनी कारण सांगावे.

उत्तर २ : तैलतंत्र (बजाजनगर)

काकूंची पद्धत मुळात योग्य आहे. तिच्यात दोन दुरुस्त्या सुचवतो आणि त्यामागची कारणेही सांगतो, कारण कारण कळले की प्रत्येक पृष्ठभागासाठी वेगळा उपाय पाठ करावा लागत नाही. आपल्या शहरात १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली (आता तिचे विद्यापीठ झाले आहे) आणि तेथे तैलतंत्रज्ञान शिकवले जाते. मी तेथेच शिकलो आणि पुढची नोकरीही तेलाच्याच क्षेत्रात केली. त्यामुळे हा विषय निघाला की थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्रथम तेल वर जाते कसे, ते पाहू. तापलेल्या तेलात ओली वडी सोडली, की तिच्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि त्या वाफेचे आकारमान मूळ पाण्याच्या १,६०० पटींहून अधिक असते. ही वाफ तेलातून फुटून बाहेर पडताना तेलाचे अत्यंत बारीक तुषार सोबत नेते. तिरक्या पट्ट्यांच्या फिल्टरमध्ये हवेला एकामागून एक वळणे घ्यावी लागतात. हवा वळते, पण जड तुषार सरळ जाऊन पट्टीवर आपटतात आणि ओघळून खालच्या वाटीत येतात. येथवर ते तेल तेलच असते आणि साध्या साबणाने निघते.

ते पुसले नाही, तर मात्र त्याचे स्वरूपच बदलते. हवेतला प्राणवायू आणि शेगडीची उष्णता यांमुळे तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे जाळे तयार होते. आधी चिकट डिंकासारखा, मग लाखेसारखा आणि शेवटी वार्निशसारखा कडक थर बनतो. कोणते तेल किती लवकर असे वाळेल, याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून, म्हणजे १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते यावरून येतो. खोबरेल तेलाचे हे मूल्य १० च्या आसपास, फल्ली (शेंगदाणा) तेलाचे साधारण ८५ ते १०५, सोयाबीन तेलाचे १२० ते १४० आणि जवसाच्या तेलाचे १७० च्याही वर असते. जवसाचे तेल उघड्यावर पातळ पसरले तर वाळून त्याचा पापुद्रा होतो, म्हणूनच चित्रकार आणि रंगारी ते रंगात वापरतात. विदर्भात पूर्वी जवसाचे तेल घरोघरी खाल्ले जाई आणि आज बहुतेक घरांत सोयाबीनचे तेल असते. म्हणजे आपल्या चिमण्यांवर जे बसते, ते वाळण्याकडे कल असलेलेच तेल आहे. बिडाचा तवा तेल लावून तापवत राहिलो की काळा, गुळगुळीत आणि न धुता येणारा होतो, तीही हीच क्रिया आहे. तव्यावर ती आपल्याला हवी असते, चिमणीवर नको असते, एवढाच फरक.

यावरून पुढची गोष्ट स्पष्ट व्हावी. सहा वर्षांचा थर नुसत्या उष्णतेने वितळत नाही, कारण तो आता तूप किंवा डालडा यांच्यासारखा वितळणारा पदार्थ राहिलेलाच नाही. त्याचे बंध अल्कलीने (आम्लाच्या उलट गुणाच्या, सोड्यासारख्या पदार्थाने) हळूहळू तोडावे लागतात, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे अल्कलीपणाचे माप) सुमारे ८.३ असतो आणि धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. सामूचा प्रत्येक अंक दहा पटींचा असल्यामुळे हा फरक शेकडो पटींचा आहे. आपल्या आज्या चुलीच्या राखेने तेलकट भांडी घासत, तेव्हा राखेतले पोटॅशियम कार्बोनेट हेच काम करत असे. धुण्याचा सोडा न मिळाल्यास खायचा सोडा कोरड्या कढईत मंद आचेवर बराच वेळ परतावा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर उरतो तो धुण्याचाच सोडा, पण मग तो खाण्यासाठी वापरू नये.

आता दुरुस्त्या. काकू, सोड्यात व्हिनेगर टाकू नका. एक अल्कली, दुसरे आम्ल. दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि तो निघून गेल्यावर तुमचा सोडा तेवढ्या प्रमाणात कमी झालेला असतो. व्हिनेगरला काम आहे, पण शेवटी. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चोथा करतात, म्हणून फेस येत नाही. धुण्याचा सोडा ते क्षार खाली बसवतो, म्हणून सांबारवडी ताईंच्या पाण्याला तो दुप्पट उपयोगी आहे. मात्र धुतल्यावर स्टीलवर पांढरट डाग राहतील. ते पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसून पुन्हा साध्या पाण्याने धुवावेत.

दुसरी दुरुस्ती तुमच्या मुलीच्या जाळीविषयी. ती ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे जे पातळ संरक्षक कवच असते, ते अल्कलीत विरघळते आणि खालचा धातू खाल्ला जाऊन काळा पडतो. तो काळेपणा म्हणजे जळका थर नव्हे, म्हणून घासून जाणार नाही. जाळी अजून वापरता येईल, पण पुढे तिला सोड्यात ठेवू नका. कोमट पाणी, भांड्यांचे द्रव साबण, अर्धा तास आणि मऊ ब्रश, एवढेच पुरे. फिल्टर कशाचा आहे हे ओळखायला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला तर स्टील नक्की. चिकटला नाही तर मात्र घाई करू नये, कारण चांगल्या प्रतीच्या काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही. अशा वेळी वजन पाहावे, आणि शंका राहिली तर ॲल्युमिनियम समजूनच वागावे.

कारागिराचा फवारा बहुधा कॉस्टिक सोड्याचा असावा. तो तेलाचा थर खातो, पण पत्र्याचा रंग आणि ॲल्युमिनियमही खातो आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. घरात तो वापरूच नये. त्याचप्रमाणे न्हाणीघरातले ॲसिड आणि कपड्यांचे ब्लीच दोन्ही स्टीलला खड्डे पाडतात, आणि ही दोन एकत्र झाली तर क्लोरीन वायू सुटतो. कोणी रॉकेल किंवा पेट्रोल सुचवले, तर शेगडीच्या डोक्यावर ते लावणे म्हणजे काय, याचा विचार करावा.

उत्तर ३ : पाना-पेचकस (मनीषनगर)

मी घरगुती उपकरणांची दुरुस्ती करतो. धुण्याविषयी वरती सगळे आलेच आहे, म्हणून मी पंखा आणि पाइप यांविषयीच लिहितो.

ताई, पंखा तुम्ही स्वतः उघडू नये, असे माझे मत आहे. पिन काढली तरी मोटारीच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते आणि झटका बसू शकतो. शिवाय पंख्याच्या पात्यांवर समतोलासाठी लहान चिमटे बसवलेले असतात. घासताना एखादा निसटला, की नंतर चिमणी थरथरते आणि काही महिन्यांत बेअरिंग जाते. फिल्टर काढल्यावर हात पोहोचेल तेवढा भाग तुम्ही पुसा, मात्र आधी मुख्य बटण बंद करून पिन काढा. आतमध्ये काहीही फवारू नका. कापड सोड्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. फवारलेले पाणी मोटारीत जाते, आणि मोटार जळाल्यावर दोष चिमणीला दिला जातो. कारागीर बोलवाल तेव्हा त्याला पंखा बाहेर काढून धुवायला सांगा, आणि ‘जागेवरच फवारा मारून देतो’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा.

ओढ कमी आहे, याचे कारण एकटा फिल्टर नसेल. धुतलेले फिल्टर लावल्यावर वेग सर्वांत जास्त ठेवा आणि वर्तमानपत्राचे एक पान खालून टेकवून पाहा. पान चिकटून राहिले तर ओढ ठीक आहे. खाली पडले तर पाइप पाहावा लागेल. चिमणीचे तोंड बहुधा सहा इंचांचे असते आणि जुन्या इमारतींत भिंतीला भोक चार इंचांचेच असते, म्हणून कोणीतरी पाइप दाबून आत घातलेला असतो. सहाचे चार इंच केले की वाट निम्म्याहूनही कमी उरते. आवाज वाढतो, हवा जात नाही. घडीच्या पाइपाला जेथे वळण असते तेथे घड्यांत तेल साचते. पाइपाचा उतार बाहेरच्या बाजूला नसेल, तर तेच तेल परत येऊन थेंब पडतात. तुमचा थेंब तेथूनच आला असावा, अशी मला शंका आहे. असा पाइप धुण्याच्या भानगडीत पडू नका, बदलून टाका. खर्च फार नाही, आणि फोडणीने पेट घेतला तर ज्वाळा सर्वांत आधी याच तेलात शिरते. मी आतून जळालेला एक पाइप काढला आहे. वरच्या घड्या कागदासारख्या चुरत होत्या आणि भिंतीतल्या प्लॅस्टरपर्यंत काजळी गेली होती.

बाहेरच्या तोंडाची झडप उघडते का, तेही पाहा. आपल्याकडे पारवे तेथे काड्या भरतात. झडप मोडली असेल तर जुलैतल्या तिरक्या पावसाचे पाणी आत येते आणि तपकिरी होऊन ओट्यावर ठिबकते. ते तेल आहे की पाणी, हे ठरवायला थेंब कागदावर घ्या. पाणी वाळून जाईल, तेलाचा पारदर्शक डाग राहील.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्यातली आहे. हॉलमधला कूलर थेट स्वयंपाकघराकडे तोंड करून लावला असेल, तर त्याचा झोत वाफेला चिमणीखालून बाजूला ढकलतो आणि ते तेल भिंतीवर, कपाटांवर बसते. तळणाच्या वेळी कूलरची दिशा फिरवा.

प्रश्नकर्तीकडून : सांबारवडी (त्रिमूर्तीनगर)

तिघांचेही मनापासून आभार. दोन रविवार या कामी घातले, त्याचा वृत्तान्त लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

फिल्टरला चुंबक चिकटला, त्यामुळे निःशंकपणे सोड्यात घातले. खरवडलेला थरच एका वाटीभर निघाला. गच्चीवरच्या टबात पहिल्या तासाला काहीच घडले नाही आणि माझा धीर सुटत आला होता. दुसऱ्या तासानंतर पट्टीच्या टोकाशी नखाएवढा पापुद्रा उचलला गेलेला दिसला. तो चिमटीत धरून ओढला, तर बोटभर लांबीची अख्खी पट्टी सोलून हातात आली आणि खाली स्टील इतके चकचकीत निघाले, की त्यात वरचे निळे आकाश दिसत होते. तरीही आतल्या खाचांमधला थर त्या दिवशी निघाला नाही. पाणी ओतून नव्याने सोड्याचे पाणी केले आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा तीन तास ठेवले, तेव्हा तोही गेला. पांढरे डाग आले होते, ते सांगितल्याप्रमाणे व्हिनेगरने गेले.

आतल्या पत्र्यावर रंग सुटलेला असल्याने तेथे सोडा न लावता फक्त कोमट साबणपाण्याचे कापड वीस मिनिटे चिकटवून ठेवले आणि पुसले. पूर्ण स्वच्छ झाले नाही, पण बोट आता चिकटत नाही. कागदाचे पान मात्र पडले. पाइप काढल्यावर भिंतीतले भोक खरोखरच चार इंचांचे निघाले आणि वळणात इतके तेल होते, की कारागिराने पाइप सरळ न उचलता बादलीत धरून उचलला. भोक मोठे करून नवा पाइप बसवला, पंखा बाहेर काढून धुवून घेतला. आता पान चिकटते आणि वाफ तोंडावर येत नाही.

कपाटांच्या माथ्याचा प्रश्न तेवढा राहिला आहे. तेथे लॅमिनेट आहे, कडांना लाकूड उघडे आहे, त्यामुळे सोड्याचे पाणी ओतायला मन धजत नाही.

उत्तर ४ : डब्याचा स्वयंपाक (नंदनवन)

माझ्याकडे रोज साठ डब्यांचा स्वयंपाक होतो आणि आठवड्यातून दोनदा सावजी पद्धतीचा रस्सा असतो, म्हणजे तर्रीचे तेल दोन-दोन तास उकळत असते. कपाटांचा अनुभव म्हणूनच सांगू शकते.

तेथे पाण्याआधी तेल वापरा. ऐकायला उलटे वाटेल, पण अर्धी वाटी साधे खाण्याचे तेल जुन्या सुती कापडावर घेऊन त्या चिकट लेपावर चोळा आणि पंधरा मिनिटे थांबा. नवे तेल जुन्या चिकट तेलाला सैल करते आणि धुळीसकट सगळे कापडावर येते. मी जुन्या धोतराचे तुकडे यासाठीच राखून ठेवते, कारण टेरिकॉटचे कापड तेल ओढून घेत नाही, नुसते पसरवते. मग भांड्यांच्या साबणाचे पिळलेले कापड दोनदा फिरवा, शेवटी कोरड्याने पुसा. लाकडाला पाणी लागत नाही आणि लॅमिनेटचा रंग जात नाही. माथा कोरडा झाला की त्यावर वर्तमानपत्र अंथरून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी बदला. पुढे घासायची वेळच येत नाही.

फिल्टर मी दर रविवारी धुते, कारण माझे तळण जास्त आहे. तुमच्यासारख्या चौघांच्या घराला महिन्यातून एकदा, आणि सणावारी तळणाच्या दुसऱ्याच दिवशी, एवढे पुरते. आठवड्याचा थर दहा मिनिटांत साबणाने जातो, त्याला सोडाही लागत नाही. गॅस बंद केल्यावर चिमणी आणखी दहा मिनिटे चालू ठेवा, आणि तेलाची वाटी तरी आठवड्याला रिकामी कराच.

उत्तर ५ : तैलतंत्र (बजाजनगर)

डबेवाल्या ताईंचा तेलाचा उपाय शास्त्राला धरून आहे, मात्र तो थर चिकट असेपर्यंतच चालतो. वार्निशसारखा कडक झाल्यावर तेल त्यात शिरत नाही. कपाटांवर शेगडीची उष्णता कमी पोहोचते, म्हणून तेथला थर सहसा चिकटच राहतो.

कडांना जेथे कापडाने निघत नाही, तेथे संत्र्याचे साल वापरून पाहता येईल. सालात लिमोनीन नावाचे द्रव्य असते आणि ते तेल, डिंक दोन्ही विरघळवते. साल बाहेरच्या बाजूने त्या जागेवर दुमडून दाबावे, जो बारीक तुषार उडतो तेच ते द्रव्य, आणि दोन मिनिटांनी पुसावे. बरणीवरच्या चिठ्ठीचा गोंद याने सहज जातो. पूर्ण चिमणीला मात्र सालांची टोपली पुरणार नाही, आणि सध्या मे महिना असल्याने मृग बहाराची संत्री संपलीही आहेत. हे करताना शेगडी बंद असावी. लहानपणी आपण दिव्याच्या ज्योतीवर साल दाबून ठिणग्या उडवत असू, त्या याच द्रव्याच्या होत्या.

काकूंच्या मुलीने नवे फिल्टर घ्यायचे ठरवल्यास, चिमणीच्या मापात बसत असतील तर तिरक्या पट्ट्यांचे स्टीलचे घ्यावेत. जाळीत तेल अडकून वाट बंद होते, पट्ट्यांवरून ते ओघळून जाते. आणि चिमणी पाइपाविना कोळशाच्या फिल्टरवर चालणारी असेल, तर तो कोळशाचा फिल्टर कधीही धुवू नये, ठरलेल्या मुदतीत बदलावा.

प्रश्नकर्तीकडून : सांबारवडी (त्रिमूर्तीनगर)

कपाटांचा माथा काल झाला. अर्धी वाटी फल्ली तेल आणि आईच्या जुन्या नऊवारीचे चार तुकडे लागले. चौथा तुकडा जवळजवळ कोराच निघाला. वर्तमानपत्र अंथरले आहे आणि बदलायची तारीख त्याच्याच कोपऱ्यावर पेनाने लिहून ठेवली आहे. उद्या संध्याकाळी कूलर दुसरीकडे फिरवून सांबारवडी करणार आहे.